कापणीच्या सणाच्या साक्षी: ‘सर्व गौरव देवाला’ म्हणूनही गौरव आपल्याकडेच राहतो, तेव्हा काय करावं?

तरुणसंघ_चिटणीस

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

यंदा कापणीच्या सणाच्या भक्तीची आखणी तरुण संघाकडे आली आहे. साक्षींसाठी (देवाने आयुष्यात काय केलं ते मंडळीपुढे सांगण्यासाठी) पंचवीस मिनिटं, गाणी, अर्पण, मग आवारात वस्तूंचा लिलाव आणि प्रीतिभोजन. पाळकसाहेबांची सूचना एकच: सगळ्याचा रोख देवाकडे राहू द्या.

सांगायला सोपं आहे. साक्ष कोणाचीही असो, शेवट ‘सर्व गौरव देवाला’ असाच होतो. पण त्याआधीची सात-आठ मिनिटं उपवास किती केले, पहाटे कितीला उठलो, नातेवाईक हसले तरी कसे टिकलो, यातच जातात. लिलावात एका नारळाची बोली चढत जाते आणि माइकवरून आडनावं पुकारली जातात. त्यात या वेळी नवीन पंख्यांवर देणगीदारांची नावं रंगवायची असा विषय कमिटीपुढे आहे.

साक्ष देणाऱ्यांना आधी नेमकं काय सांगावं, की ते दुखावणार नाहीत? लिलाव आणि नावांचं काय करावं? गाणाऱ्या गटाला काही सांगायचं असतं का? आणि एक शंका: मत्तय ५:१६ म्हणतं तुमची सत्कृत्यं लोकांना दिसू द्या, ६:१ म्हणतं लोकांनी पाहावं म्हणून करू नका. दोन्ही पाळायची कशी?

पहिला_हंगाम

सलाम. साक्षींबद्दल लिहितो, कारण बाकीचं त्यावरून ठरतं.

कापणीच्या सणाची साक्ष कशी असावी याचा नमुना पवित्र शास्त्रात तयारच आहे आणि तो याच प्रसंगाचा आहे. अनुवाद २६:१ ते ११ काढा. शेतकरी पहिल्या पिकाची टोपली घेऊन याजकाकडे येतो आणि ठरलेली साक्ष बोलतो. त्यातली क्रियापदं बघा. पूर्वज थोड्या लोकांनिशी मिसरात गेला. मिसऱ्यांनी छळलं. आम्ही हाक मारली. परमेश्वराने ऐकलं, पाहिलं, बाहेर काढलं, इथे आणलं, हा देश दिला. आणि अगदी शेवटी, तू दिलेल्या भूमीचं पहिलं फळ मी आणलं आहे. नांगरणी, पेरणी, राखण सगळी त्यानेच केलेली, पण तिचा उल्लेखसुद्धा नाही. माणसाच्या वाट्याला दोनच कामं येतात, हाक मारणं आणि टोपली आणणं. अकराव्या वचनात तीच टोपली लेवी आणि परका यांच्यासोबत आनंद करण्यासाठी आहे, म्हणजे साक्ष संपली की पंगत.

साक्ष देणाऱ्यांना हा उतारा एकत्र बसवून मोठ्याने वाचायला लावा. वीस मिनिटांचं काम आहे. ‘तुमच्या साक्षीत मीपणा आहे’ असं कोणालाही तोंडावर सांगावं लागत नाही, कारण उतारा ऐकल्यावर ज्याचं त्यालाच दिसतं.

मग लिखाण. वेळ चार मिनिटं. सावकाश बोललं तर साधारण चारशे शब्द होतात, फुलस्केपची दीड-दोन पानं. लिहून काढायला सांगाच. न लिहिता बोललेली साक्ष दुप्पट लांबते आणि लांबलेला भाग जवळजवळ नेहमी स्वतःच्या धीराचा असतो. लिहून झालं की दोन रंगांची पेनं घ्यायची. माणूस कर्ता असलेल्या क्रियापदाखाली लाल रेघ, देव कर्ता असलेल्या क्रियापदाखाली निळी. नुसते ‘मी’ मोजून चालत नाही. ‘उपवास धरला, प्रार्थना सोडली नाही, हार मानली नाही’ यात एकही ‘मी’ नाही, पण तिन्ही कामं त्याचीच.

सगळा कागद लाल आणि शेवटच्या ओळीत एक निळी रेघ, असं दिसलं की दुखणं सापडलं.

उदाहरण घ्या. पहिला मसुदा बहुधा असा येतो:

‘नोकरी गेली. पण विश्वास ढळू दिला नाही. एकवीस दिवस उपवास केला, रोज पहाटे चारला उठून प्रार्थना केली. लोकांनी नावं ठेवली, तरी मागे हटलो नाही. म्हणून देवाने आधीपेक्षा मोठी नोकरी दिली. सर्व गौरव देवाला.’

यातला घातक शब्द ‘म्हणून’. उपवास केला म्हणून नोकरी मिळाली असं म्हटलं की देव देणारा उरत नाही, केलेल्या कामाची मजुरी चुकवणारा होतो. बाकावर बसलेल्या ज्या बाईने तितकेच उपवास केले आणि जिचा मुलगा अजून घरीच बसून आहे, तिला यातून एकच अर्थ लागतो, की आपलं काहीतरी कमी पडलं. उपवासाबद्दल मत्तय ६:१६ ते १८ स्पष्ट आहे, त्यामुळे उपवासाचे दिवस साक्षीतून सरसकट काढायला सांगा. तोच मसुदा असा होऊ शकतो:

‘नऊ महिने पगार नव्हता. शेवटी शेवटी प्रार्थनाही तोंडातून येत नव्हती. त्या दिवसांत मंडळीतल्या एका घराने आमचा किराणा भरला आणि वर्गणी मागायला येणाऱ्यांनी आमचं दार टाळलं नाही, आत येऊन बसले. देवाने आम्हाला एकटं सोडलं नाही हे तेव्हा कळलं. जुलैत काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी आहे. घर चालतं. त्या नऊ महिन्यांतली भाकर त्यानेच दिली आणि आजचीही तोच देतो.’

इथे देवाचं काम नोकरीच्या आधीच सुरू झालं आहे आणि ते माणसांच्या हातून झालं आहे. शिवाय पगार कमी आहे हे लपवलेलं नाही.

आणखी काही गोष्टी नेहमी बिघडतात. एक म्हणजे ‘आधी मी कसा होतो’ हा भाग. दारू, मारामाऱ्या, पैसा उडवणं यांची वर्णनं रंगत जातात आणि मुलं तेवढंच लक्षात ठेवतात. चार मिनिटांत त्याला एक मिनिट पुष्कळ. दुसरं आजारपणाचं. ‘डॉक्टरांनी हात टेकले होते’ हे वाक्य डॉक्टरांनी खरोखर तसं म्हटलं असेल तरच ठेवायचं. औषधोपचार झाले असतील तर ते सांगायचे. देवाने वैद्याच्या हातून बरं केलं म्हटल्याने देव लहान होत नाही. औषध बंद केलं अशी फुशारकी माइकवर नकोच. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं, चमत्कारांचा प्रचार करून लोकांना फसवणं किंवा दहशत घालणं, साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचारापासून अडवणं हे त्यात गुन्हे आहेत. प्रामाणिक साक्षीला त्याची भीती नाही, फुगवलेलीला असावी. तिसरं, दुसऱ्याचा आजार, कर्ज, घटस्फोट त्याला विचारल्याशिवाय सांगायचा नाही. सून वेदीपुढे बसलेली असताना सासूने तिच्या वंध्यत्वाची साक्ष देणं यात गौरव कोणाचाच नाही.

पाच साक्षींमध्ये एक तरी न सुटलेल्या प्रसंगाची ठेवा. हबक्कूक ३:१७-१८ हे कापणीच न झालेल्या वर्षाचं स्तोत्र आहे: अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी परमेश्वराच्या ठायी हर्ष. विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळीत पीक गेलेल्या वर्षी सणाच्या दिवशी दुसरं काय वाचणार?

तुमची मत्तयाची शंका. पाचव्या अध्यायात ऐकणारे छळ सोसणारे आहेत (११-१२ वचनं), त्यांचा कल दिवा झाकायचा. सहाव्यात दानधर्म करणारे, समाजात मान असलेले आहेत, त्यांचा कल कर्णा वाजवायचा. म्हणजे जे लपवावंसं वाटतं ते दिसू द्या आणि जे दाखवावंसं वाटतं ते झाका. कंपनीत जेवणाआधी प्रार्थना करायला लाज वाटत असेल तर करा. मंडळीत लांबलचक प्रार्थना करून वाहवा मिळत असेल तर आटोपती घ्या.

पावतीपुस्तक

सलाम चिटणीस. साक्षींचं वर चांगलं आलंय. मी पैशाकडे वळतो, कारण माणसाचा मान सगळ्यात आधी तिथे अडकतो.

‘नाव देणं पापच’ असं म्हणणारे भेटतील, त्यांना गणना ७ वाचायला द्या. बारा सरदारांनी बारा दिवस अर्पणं आणली. प्रत्येकाचं नाव आहे आणि प्रत्येकाची यादी पुन्हा संपूर्ण लिहिली आहे: एकशे तीस शेकेल (त्या काळचं वजनाचं माप) वजनाचं चांदीचं ताट, सत्तर शेकेलांचा कटोरा, दहा शेकेलांचं सोन्याचं धूपपात्र, पुढे जनावरं. बाराही याद्या अगदी सारख्या. नावं आहेत, पण चढाओढ नाही. बर्णबाने शेत विकून पैसे दिले तेही नावानिशी नोंदलं आहे (प्रेषितांची कृत्ये ४:३६-३७). लगेच पुढच्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा आहेत. त्यांनी दिलं नाही असं नाही. दिल्यापेक्षा जास्त दिल्याचा मान त्यांना हवा होता.

तेव्हा पंख्यांबद्दल व्यवहारी सुचवणी. नाव पावतीवर आणि खतावणीत लागलंच पाहिजे. मंडळीचा न्यास नोंदणीकृत असेल तर हिशेब तपासनिसापुढे जातो, तिथे ‘एका भावाकडून’ असं चालवू नये. गुप्तता फलकावर आणि माइकवर पाळायची, वहीत नाही. पंख्याच्या पात्यावर, बाकाच्या पाठीवर, माइकच्या स्टँडवर नाव नको. ते डोळ्यांसमोर फिरत राहतं आणि पंखा बिघडला की ‘आमचा पंखा का दुरुस्त केला नाही’ असा निरोप येतो. नावं द्यायचीच असतील तर त्या वर्षाचा एकच कागद सूचनाफलकावर, नावं अकारविल्हे, रक्कम न लिहिता, एक महिना. नंतर काढून दप्तरात. दिवंगत व्यक्तीच्या स्मरणार्थ लावायच्या पाटीचा प्रश्न वेगळा आहे. तिथे पाटीचं माप सर्वांना एकच ठेवा आणि देणाऱ्याचं नाव त्यात घालू नका.

हा नियम देणगी येण्याआधी कमिटीत ठराव करून लिहून ठेवा. चेक हातात पडल्यावर नियम केला की तो त्या माणसाविरुद्ध केला असंच दिसतं. आणि ‘नाव लावणार असाल तरच देतो’ म्हणणाऱ्याला १ इतिहास २९:१४ दाखवता येतं. दावीदाने स्वतःच्या भांडारातून तीन हजार किक्कार (त्या काळचं मोठं वजन) सोनं दिलं आणि प्रार्थनेत म्हणाला, हे तुझ्याच हातातून आलेलं तुला देतो आहोत.

लिलाव. तो काही सोडवत नाही, कारण उत्पन्न मोठं असतं. पण त्याचे तीन तोटे जगजाहीर आहेत. दोन घरांची ईर्षा एका भोपळ्यावर निघते. ज्याच्याकडे पन्नासच रुपये आहेत तो मागच्या रांगेतून उठून जातो. आणि जोशात लावलेली बोली वर्षभर वसूल होत नाही. मग खजिनदार ती ‘येणे’ दाखवत राहतो आणि पुढच्या सणाला तेच नाव पुन्हा माइकवर. उपाय असा:

वस्तू टेबलावर मांडा, प्रत्येकीला क्रमांक आणि बाजारभावाइतकी किमान किंमत. शेजारी बंद डबा. बोली चिठ्ठीवर लिहायची: क्रमांक, रक्कम, नाव. प्रीतिभोजन सुरू होताच डबा बंद. दोघांनी चिठ्ठ्या लावायच्या. माइकवर फक्त वस्तूचा क्रमांक आणि शेवटी एकूण रक्कम. पैसे त्याच दिवशी, नाहीतर वस्तू दुसऱ्या चिठ्ठीला. टेबलाचा एक भाग लिलावाबाहेर ठेवा: धान्य, डाळ, भाजी, जी त्या संध्याकाळी विधवा आणि गरजू घरांत जाईल. अनुवाद २४:१९-२१ मधली विसरलेली पेंढी म्हणजे हेच. ती पोहोचवताना फोटो नको. हातात पिशवी घेतलेल्या बाईचा फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकणं हा कर्णाच आहे, फक्त आवाज बंद केलेला.

पैसे मोजताना एका घरातले दोघं नकोत. वस्त्रागारात (वेदीशेजारच्या खोलीत) लगेच मोजणी, नोटांच्या किमतीप्रमाणे चिठ्ठी, दोघांच्या सह्या, बँक उघडताच भरणा. पौलाने करिंथच्या वर्गणीबरोबर दुसरा माणूस पाठवला तो याचसाठी (२ करिंथ ८:२०-२१). पैशाच्या कामात बोट दाखवायला जागा राहिली की देवाच्या नावाला आधी बट्टा लागतो, आपल्याला नंतर.

पांढरी_दोन

गाणाऱ्यांबद्दल, थोडक्यात.

मंडळी गात नसेल आणि गट उत्तम गात असेल, तर भक्तीत मैफल झाली. हे बहुतेक वेळा गर्वाने होत नाही, पट्टीने होतं. मुख्य गाणाऱ्याच्या गळ्याला शोभेल अशी उंच पट्टी घेतली की पुरुष एक सप्तक खाली जातात, बायका गप्प होतात. बाकावरच्या लोकांसाठी चालीचा सगळ्यात वरचा सूर पेटीच्या वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत (सप्तकातली दुसरी पांढरी कळ), खालचा मधल्या पांढरी एकच्या आसपास ठेवा. गाणं यापेक्षा जास्त पसरट असेल तर ते गटाने अर्पणाच्या वेळी म्हणावं, सगळ्यांकडून म्हणवून घेऊ नये.

हरकती कडव्याच्या शेवटी नको; लोकांना पुढची ओळ कुठे उचलायची तेच कळत नाही. चार गाण्यांत दोन तरी गीतपुस्तकातली, आजीला पाठ असलेली. उभं राहायची जागा क्रूसाच्या समोर नको, बाजूला. एका कडव्याला सगळी वाद्यं थांबवा. मंडळीचा आवाज ऐकू आला तर गटाचं काम झालं. नाही आला तर पुढच्या रविवारी पट्टी उतरवा.

देवासाठी आहे म्हणून सराव कमी चालेल हे मात्र कोणी म्हणू नये. जर्मन संगीतकार बाख आपल्या चर्चसंगीताच्या हस्तलिखितांखाली ‘केवळ देवाला गौरव’ या लॅटिन शब्दांची तीन आद्याक्षरं लिहीत असे. वर स्वतःचं नावही घालत असे आणि लाइपझिगच्या नगरपरिषदेशी पगारावरून भांडतही असे. कसब, नाव, मोबदला यांत काही वावगं नाही.

गाणं झाल्यावर कोणी ‘छान झालं’ म्हटलं तर ‘धन्यवाद’ म्हणा आणि थांबा. ‘नाही हो, माझं काय, मी तर धूळ’ ही तीन वाक्यं म्हणजे आणखी तीन वाक्यं स्वतःबद्दल. फार तर ‘कोणतं कडवं लागलं?’ असं विचारा. बोलणं आपोआप शब्दांकडे जातं.

वसईचा_पारवा

आम्ही कॅथलिक, त्यामुळे साक्षींची पद्धत आमच्याकडे कमी. पण एक गोष्ट उपयोगी पडेल. तयारी भाषणाची करून भागत नाही, मनाचीही लागते, आणि त्याला साडेचारशेहून अधिक वर्षं वापरात असलेली रीत आहे.

‘देवाच्या अधिक गौरवासाठी’ हे येशूसंघाचं (जेझुइट धर्मगुरूंच्या संघाचं) ब्रीद. संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, आत्मपरीक्षण सांगितलं. पाच पायऱ्या: मिळालेल्या दानांबद्दल उपकार मानणं, स्वतःचे दोष दिसावेत म्हणून कृपा मागणं, उठल्यापासूनचे तास एकेक करून तपासणं, क्षमा मागणं, सुधारण्याचा निश्चय. क्रम बदलू नका. उपकाराआधी दोष शोधायला बसलं की परीक्षणसुद्धा ‘मी किती वाईट’ या नावाखाली स्वतःभोवतीच फिरतं.

याला जोडून एका विशिष्ट दोषासाठी तक्ता असतो. आठवड्याचे सात दिवस, प्रत्येक दिवसाला दोन रेघा, एक दुपारची एक रात्रीची. तो दोष घडला की रेघेवर टिंब. दोष एकच निवडायचा आणि बारीक निवडायचा. ‘गर्व’ असा मोठा शब्द लिहिला तर टिंब कुठे द्यायचं तेच कळत नाही. ‘दुसऱ्याने केलेलं काम सांगताना त्याचं नाव गाळलं’, ‘बोलणं फिरवून माझ्या सेवेवर आणलं’ असा लिहा. दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, काल आजशी, मागचा आठवडा या आठवड्याशी ताडून पाहायचा. हा तक्ता कोणाला दाखवायचा नसतो, फादरांना सोडून.

आणि नम्रता म्हणजे नकार नव्हे, हे पवित्र मरियेकडून शिकावं. लूक १:४८-४९ मध्ये ती म्हणते, सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील. नाकारत नाही. पण कारण देते: सामर्थ्यवानाने माझ्यासाठी महान कृत्यं केली. ‘मी काहीच केलं नाही’ हे खोटं बोलण्यापेक्षा हे कितीतरी सरळ आहे.

योहान_नऊ

एक विरोधी सूर लावतो.

लाल-निळ्या रेघा उपयोगी आहेत, पण त्या वडीलधाऱ्यांना आणि रोज माइक हातात घेणाऱ्यांना लावा. नव्याने विश्वासात आलेल्या माणसाचा कागद तपासू नका. योहान ९ मधल्या, येशूने दृष्टी दिलेल्या जन्मांधाची साक्ष पाहा. सुरुवातीला तिच्यात मीच मी आहे: त्याने चिखल लावला, मी धुतलं, मला दिसतं, मला एकच कळतं, मी आंधळा होतो. कोणत्याही कमिटीने ती नापास केली असती.

त्याच अध्यायात आणखी एक आहे. ‘देवाचा गौरव कर’ हे वाक्य २४ व्या वचनात परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारे यहूदी) त्याला म्हणतात, आणि येशू पापी आहे असं त्याच्याकडून वदवून घ्यायला म्हणतात. यहोशवा ७:१९ मध्ये हेच वाक्य लुटीतला माल लपवणाऱ्या आखानाला उद्देशून आहे आणि तिथे त्याचा अर्थ आहे, काय केलंस ते खरं सांग. म्हणजे देवाला गौरव देण्याची पहिली अट खरं बोलणं. फुगवलेली साक्ष कितीही ‘नम्र’ असली तरी बाद. आणि लूक १८ मधला परूशी प्रार्थना कशी सुरू करतो? ‘हे देवा, मी तुझे उपकार मानतो’ अशी. उपकार मानता मानताच तो स्वतःची यादी वाचतो. कर्ता कोण हे व्याकरणाने पकडता येतं, पण तुलना पकडता येत नाही. तेव्हा कागदावर तिसरी खूण करा: ‘इतरांसारखा नाही’ या अर्थाचं काहीही.

परिणाम दिसला म्हणजे रीत बरोबर होती, हेही डोक्यातून काढा. गणना २० मध्ये मोशे म्हणाला, आम्ही तुमच्यासाठी पाणी काढावं काय? आणि खडकावर दोनदा काठी मारली. पाणी आलंच, भरपूर आलं. तरी त्याला वचनदत्त देशात जाता आलं नाही. सभा भरली, लोक रडले, अर्पण वाढलं, यावरून गौरव कोणाला गेला हे कळत नाही.

आणि माणसांचे आभार मानायला घाबरू नका. सगळं देवावर ढकलून स्वयंपाक करणाऱ्या बायकांचं नाव न घेणं ही कंजुषी झाली. पौलाने रोमकरांस १६ मध्ये पंचवीसहून अधिक माणसं नावानिशी आठवली आहेत. मर्यादा एवढीच, की केलेलं काम सांगा, विशेषणं नको.

तरुणसंघ_चिटणीस

सगळ्यांचे आभार. चिठ्ठीच्या लिलावाला खजिनदार तयार आहेत, पंखे कमिटीत मांडतो.

दोन गोष्टी राहिल्या. साक्ष देणाऱ्यांना एक छापील कागद द्यायचा आहे, त्यावर काय असावं? आणि भक्ती फेसबुकवर थेट दाखवतात, शिवाय फ्लेक्स लागतो. त्यावर पाहुण्या वक्त्यांचा मोठा फोटो असतोच.

पहिला_हंगाम

योहान_नऊ यांचं नव्या विश्वासणाऱ्यांबद्दलचं म्हणणं मान्य. त्यांना कागद न देता फक्त अनुवाद २६ वाचून दाखवा.

कागद अर्धाच ठेवा. मजकूर असा:

‘वेळ चार मिनिटं, तिसऱ्या मिनिटाला पहिल्या बाकावरून हात वर होईल. एकच प्रसंग सांगा. देवाने काय केलं ते कधी, कुठे, कोणाच्या हातून, हे सांगा. उपवास, रात्रजागरण, दिलेली रक्कम सांगू नका. दुसऱ्याची खाजगी गोष्ट त्याच्या संमतीशिवाय नको. आजाराबद्दल तपासणीत जे आहे तेवढंच. जे अजून मिळालं नाही ते मिळालं असं म्हणू नका. शेवटी एक वचन वाचा आणि जागेवर जा.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. वचन वाचून झाल्यावर माणूस बोलत राहिला की साक्षीचं प्रवचन होतं.

पंचवीस मिनिटांत पाच साक्षी बसतात, सहा नाही. माणूस उठून येणं, माइक खाली-वर करणं यात प्रत्येकी मिनिट जातं. क्रम वयाने किंवा मानाने लावू नका, चिठ्ठ्या टाका. टाळ्यांऐवजी प्रत्येक साक्षीनंतर मंडळीने स्तोत्र १३६ मधलं ध्रुवपद एकदा म्हणावं. त्या स्तोत्रात सव्वीस वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच येतं, त्यामुळे पाठ करायला काही नाही.

थेट प्रक्षेपणात साक्षींचा भाग वगळा. खोलीतल्या ऐंशी माणसांपुढे खरं बोलणारा माणूस कॅमेऱ्यापुढे वेगळं बोलतो, आणि एकदा गेलेलं परत घेता येत नाही. ज्याची इच्छा आणि लेखी संमती असेल त्याची साक्ष नंतर वेगळी टाका. खाली आलेल्या ‘लाइक’चा आकडा पुढच्या सभेत वाचून दाखवू नका.

फ्लेक्सवर वार, वेळ, पत्ता, वाचायचा शास्त्रभाग. वक्त्याचं नाव इतर मजकुराच्याच आकारात, फोटो नाही. पाहुणे नाराज होतील अशी भीती असेल तर आमंत्रणाच्या पत्रातच लिहा की या मंडळीत कोणाचाच फोटो लावत नाहीत, आणि मग खरोखर कोणाचाच लावू नका, पाळकसाहेबांचाही. वक्त्याची ओळख तीस सेकंदांत: नाव, गाव, आज कोणत्या वचनावर बोलणार. मिशनरी विल्यम केरी मरणाच्या उंबरठ्यावर असताना भेटायला आलेल्या तरुण मिशनरी अलेक्झांडर डफला म्हणाल्याचं सांगतात, की डॉ. केरींबद्दल फार बोललात, मी गेल्यावर केरींच्या तारणाऱ्याबद्दल बोला. १८०५ साली मराठीचं व्याकरण छापणारा आणि मराठी नवा करार हातात देणारा माणूस. बंगालमधल्या सेरामपूरला त्याच्या थडग्यावर नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि एका भक्तिगीतातल्या दोन ओळी आहेत, पदव्या नाहीत. त्यामानाने आपल्या पाहुण्यांना तीस सेकंद पुरतील.

पावतीपुस्तक

फ्लेक्सचं बिल कोणी एकाने ‘माझ्यातर्फे’ म्हणून भरलं तर कोपऱ्यात ‘सौजन्य’ येतं, हे विसरू नका. बिल मंडळीच्या खात्यातून भरा, त्यांना साधी देणगीची पावती द्या.